आतोबांची वाढीव फूटपट्टी

आमच्या आतोबांनी आयुष्यात एकही वस्तू तिच्या मापाची केली नाही. ती नेहमी थोडी मोठीच असायची. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पण आमची गल्ली अशी, की एकाचा आतोबा तो सगळ्यांचा आतोबा. त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला आणि रेशनकार्डाला ठाऊक होतं. कोल्हापुरातल्या एका फौंड्रीत ते पॅटर्न करायचे. पॅटर्न म्हणजे लोखंडी वस्तूचं सागवानी रूप. ते ओलसर वाळूत दाबायचं, अलगद काढून घ्यायचं, आणि मागं राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. गंमत अशी, की लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न आधीच जरा मोठा ठेवतात, आणि त्यासाठी या कारागिरांची फूटपट्टीच वेगळी असते. आतोबांच्या पितळी पट्टीवरचा फूट बाजारातल्या फुटापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लांब होता. ही पट्टी सदैव त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावत असे, आणि आत्याच्या दुर्दैवानं ते ती घरीही वापरत.

एकदा कापडवाल्याकडून आणलेलं तीन वार कापड त्यांनी त्या पट्टीनं मोजलं आणि ते इंचभर कमी भरलं. तडक दुकानात जाऊन त्यांनी चार गिऱ्हाइकांदेखत त्या सज्जन माणसाचा उद्धार केला. परत येताना अर्ध्या वाटेत खिशातली पट्टी टोचली आणि डोक्यात प्रकाश पडला. तसेच मागं फिरून त्यांनी माफी मागितली आणि भरपाई म्हणून आणखी तीन वार कापड घेतलं, तेही नको असताना. पण स्वभाव सुटला नाही. सदरा घेताना दोन मापं पुढचा, कारण कापड आटतं. गाडी गाठायची तर तासभर आधी स्टेशनवर, कारण वेळ आटतो. चार पाहुणे जेवायला सांगितले तर आत्याला सात सांगायचे; उरलेला भात मग आमच्याकडे यायचा आणि आमची आई दुसऱ्या दिवशी त्याला फोडणी द्यायची. कुणी हटकलं की म्हणायचे, “आपुन वाढवूनच धरावं. जग गार करायला टपलंयच की.”

एवढ्या मोठ्या मापाच्या माणसाला स्वतःचं मूल मात्र नव्हतं. त्यावर त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. आमच्या दोन्ही घरांच्या सामाईक परड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गल्लीतली पोरं गोळा केली, एवढंच. मी, माझी मैत्रीण मुमताज आणि आमच्याहून वीतभर बुटका अजित, ही तिथली रोजची गिऱ्हाइकं. शेडमध्ये विकतचं खेळणं चालत नसे. मोडकं घड्याळ, सायकलची साखळी, पंपाच्या झडपा, जे मिळेल त्याचं काहीतरी फिरणारं करायचं, हाच खेळ. कोणतीही वस्तू खोलायला मुभा होती, पण आधी तिचं चित्र काढायचं आणि मग पुन्हा जोडायची. एखादा स्क्रू उरला तर तो ज्याच्या हाताखाली उरला त्यानं त्या दिवशी झाडू मारायचा. अजितच्या कृपेनं शेड कायम लख्ख असे.

सगळ्यांत रंगायचा तो ओतकामाचा खेळ. खोक्यात काळी वाळू, लाकडाची छोटी चाकं आणि वितळलेलं मेण. उसाचा रस काढायचा चिमुकला चरक करायचा म्हणून आम्ही मेणाचं दातेरी चाक ओतलं, तर ते बसेचना. दुसरं ओतलं, तेही बारीक. आम्ही तीनदा मोजलं, एकमेकांवर आळ घेतला, मुमताज रडली. आतोबा बाजूला बसून पान लावत होते. उत्तर त्यांच्या खिशात होतं, आणि त्यांनी ते आठ दिवस सांगितलं नाही. शेवटी मुमताजनंच गरम आणि गार मेण शेजारी ठेवून मोजलं आणि ओरडली, की चाक आटतंय. तेव्हा त्यांनी खिशातली पट्टी काढून आमच्या हातात दिली. महाराजांनी पाटलाला गावची सनद द्यावी तशी. पुढं एकदा गुऱ्हाळावरून गरम गूळ आणून त्याचंही चाक झालं. ते चांगलं बसलं, दोन फेरे फिरलं, आणि तिसऱ्या फेऱ्याला अजितनं खाल्लं.

आमच्या बाबांना यातलं काही मंजूर नव्हतं. बाबा कचेरीत हेडक्लार्क. ‘बरोबर’ या शब्दावर त्यांचा सारा संसार उभा होता. आतोबा त्यांचे थोरले दाजी, म्हणून इतकी वर्षं गप्प बसले. पण त्या वर्षी वार्षिक परीक्षेचा निकाल लागला आणि आम्हा तिघांचेही गुण घसरले. नेमकं त्याच सुमारास आतोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. एका डोळ्यावर हिरवं फडकं, दुसऱ्यानं धूसर. वाकायचं नाही, हत्यार धरायचं नाही. बाबा गेले, मोठ्या अदबीनं बोलले, शेडला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधावी तशी करदोट्याला बांधून आले. सुटी संपल्यावर शेड मोडून तिथं नहाणीघर बांधायचं, हेही ठरवून टाकलं. आतोबा नुसतं “बरं पावणं” म्हणाले. त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला. एवढा मोठा माणूस आणि भांडलासुद्धा नाही.

मे महिना म्हणजे आमच्याकडे वर्षाच्या चटणीचा. मुमताजच्या अम्मींचं गल्लीच्या तोंडाला मिरची कांडपाचं यंत्र होतं. त्या दिवशी निम्म्या गल्लीनं मिरच्या भाजल्या होत्या, मसाले तळून ठेवले होते, घमेली रांगेत लागली होती, आणि यंत्रातलं मुख्य दातेरी चाक फुटलं. चार दात उडाले. ते यंत्र बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला. पॅटर्नवाल्यांकडं पंपांच्या कामांची घाई, कुणी महिन्याच्या आत हात लावायला तयार नाही. तळलेला मसाला महिनाभर थांबत नसतो. अम्मींचा सीझन तर त्या चाकावरच होता. बायका घोळक्यानं आतोबांकडं गेल्या. आतोबा आरामखुर्चीत छताकडं तोंड करून पडले होते.

“माझा डोळा बांधल्याला हाय,” ते म्हणाले. “पर ही तीन पोरं करत्याल. खरं, शेडला कुलूप हाय बघा.”

सगळ्या बायकांनी माना वळवून दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या बाबांकडं पाहिलं. बाबा म्हणाले, की हा काही पोरखेळ नाही. माझी आई गर्दीतून पुढं आली. तिची पाच किलो ब्याडगी भाजून पडली होती. तिनं नुसता हात पुढं केला आणि तो मागं घेतला नाही. बाबांना करदोटा सोडायला बराच वेळ लागला.

पुढचे तीन दिवस आम्ही जेवलो कधी ते आठवत नाही. फुटकं चाक कागदावर ठेवून छाप घेतला, कंपासनं चोवीस भाग पाडले, पितळी पट्टीनं सागवानावर आखलं. मुमताज आखायची, मी पटाशी चालवायची, अजित पॉलिश पेपर घासायचा. आतोबा खुर्ची दाराशी ओढून बसले. आम्ही चाक त्यांच्या मांडीवर ठेवायचो आणि ते एकेका दातावरून बोट फिरवायचे. “सातवा दात जाड हाय,” म्हणायचे. तो असायचाच.

तिसऱ्या संध्याकाळी बाबा आपली कचेरीतली लाकडी पट्टी घेऊन आले. त्यांनी जुनं चाक मोजलं, नवं मोजलं, पुन्हा मोजलं. गल्ली दाराशी जमली होती. “दाजी,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडा आनंदही होता, “पाऊण सूत जास्त भरतंय. चुकलं.”

मला वाटलं आता आतोबा बोलतील, पण त्यांनी हिरव्या फडक्याखालचं तोंड माझ्याकडं वळवलं आणि वाट बघत राहिले. बाबांना त्यांचं चुकतंय असं आमच्या घरात कुणीच कधी सांगितलेलं नव्हतं.

“बाबा, चुकलं न्हाय,” मी म्हणाले. “लोखंड गार झालं की तेवढंच आकसतंय. आम्ही आकसायला जागा ठेवलीया.”

बाबांनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या. मग त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, चाक त्यात गुंडाळलं, आणि सायकलवर टांग टाकून स्वतः फौंड्रीकडं गेले.

ओतलेलं चाक आलं तेव्हा जुन्या चाकावर ठेवून पाहिलं. जुळ्या बहिणी. आम्ही दात कानशीनं घासले, अम्मींनी पट्टा चढवला आणि यंत्र धाडधाड सुरू झालं. दोन मिनिटांत पहिली शिंक आली. मग सगळी गल्ली शिंकायला लागली, बायका, पोरं, पोस्टमन, सगळे. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. हात नाकाला लावलेले होते. बाबा सगळ्यांत मोठ्यांदा शिंकले. त्याच संध्याकाळी ते परड्यात गेले, अजितला हात वर करून उभा केला, त्याची बोटं पोचतात ती उंची आपल्या पट्टीनं मोजली, आणि बरोबर तिथं शेडच्या दाराला खिळा ठोकून किल्ली अडकवली. नहाणीघर आजतागायत झालेलं नाही.

पुढं मी डिप्लोमाला जायचं म्हणाले, तर अर्ज बाबांनीच आणला. नोकरी लागल्यावर पुण्याहून दर सुटीत येत राहिले. शेवटच्या खेपेला आतोबा अंथरुणाला खिळले होते. एके काळी दारातून तिरके आत येणारे ते, चादरीखाली एवढेसे दिसत होते. मी दारातच थबकले. त्यांना ते दिसलं.

“बघतीस काय,” ते म्हणाले. “गार व्हाया लागलोय. आकसणारच की.”

मी त्यांचा हात धरून बसले. आयुष्यभर मोठ्या मापानं वागलेला माणूस एवढा आटूनही मला तेव्हा कुणाहून कमी वाटला नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. मग उशीखालून ती पितळी पट्टी काढून माझ्या हातात ठेवली आणि डोळे मिटून विचारलं, “किल्ली खिळ्यावर हाय न्हवं?”

“न्हाय, आतोबा,” मी म्हणाले. “पोरांनी नेलीया.”

परड्यातून कानशीचा आवाज येत होता. ते हसले आणि तो ऐकत पडून राहिले.