बाळाजी तिकीटमास्तरांचा जबाब

बेटावर अडकलेल्या माणसाच्या कादंबऱ्यांबद्दल बाळाजींची एक तक्रार होती, आणि आगरदांड्याच्या जेट्टीवर तिकिटं फाडता फाडता ती ते कुणालाही ऐकवीत. "बेटावर एकटं राहायला काय लागतं? नाही म्हणणारा माणूसच नसतो तिथं. शेळ्या पाळा, झोपडी बांधा, खांबावर रेघा मारून दिवस मोजा. एवढा शूर असेल तर म्हणावं, गावात एकटा राहून दाखव." ऐकणाऱ्याचं लक्ष दिघीहून येणाऱ्या बोटीकडे असे. तो "व्हय, व्हय" म्हणे आणि गाडी पुढे काढी.

एकोणतीस वर्षं ते तिथल्या तिकिटाच्या खिडकीत बसले. दोन फेऱ्यांच्या मध्ये वाचायला वेळ भरपूर, आणि त्यांना पुस्तकं एकाच प्रकारची आवडत. जहाज फुटतं, बर्फात तंबू गाडला जातो, होडीतलं पाणी संपतं. मग चांगल्या घरची माणसं एकमेकांच्या दंडाकडे बघू लागतात आणि कुणाला खायचं याच्या चिठ्ठ्या टाकतात. "चिठ्ठीत नाव मात्र नेमकं अशक्ताचं निघतं," बाळाजी म्हणत. "लेखकाला गावकी ठाऊक असणार."

गावकी म्हणजे आमच्या ऐंशी घरांची जातपंचायत. ग्रामपंचायत वेगळी. तिला सरकारचा निधी येतो आणि तिचं कुणी ऐकत नाही. गावकीकडे देवळाची पडवी तेवढी आहे, आणि तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. गाव जेट्टीपासून सहा किलोमीटर आत, भातशेतीचं. निवृत्त झाल्यावर बाळाजींनी गावकीकडून देवळामागची खोली मागून घेतली आणि आपली पुस्तकं तिथं मांडून वाचनालय काढलं. सभासद एक्केचाळीस. त्यातले चाळीस भरतीच्या परीक्षांची पुस्तकं न्यायचे. बेटांची आणि बर्फाची पुस्तकं नेणारी एकटी सुचिता, अंगणवाडीची सेविका. नवरा बोटीवर आखातात, मूलबाळ नाही, आणि वाचलेलं पुस्तक परत देताना त्याच्याबद्दल भांडायची सवय.

अक्षर चांगलं म्हणून गावकीची वहीही बाळाजींकडेच होती. वाळीत कुणाला टाकलं, का टाकलं, किती दिवस, हे सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात. पुढे सरकारनं बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तेव्हा गावकीनं तातडीनं सुधारणा केली. वहीत लिहिणं बंद केलं.

नव्या पद्धतीचा पहिला मानकरी रघू. शिमग्यात देवीची पालखी घरोघर जाते, तिच्या वाटेवर त्यानं कुंपण घातलं होतं. तो वाळीत असतानाच त्याची आई गेली. खांद्याला कुणी आलं नाही. दुपारपर्यंत वाट बघून रघूनं मासळीच्या बर्फाचा टेम्पो आणला. ड्रायव्हर आणि जेट्टीवरचे दोन परके हमाल यांच्या मदतीनं म्हातारीला आत सरकवलं आणि फळी लावली. टेम्पो स्मशानाकडे गेला तेव्हा मागून पाणी ठिबकत होतं. बाळाजी त्या दिवशी दार लावून दक्षिण ध्रुवावरची मोहीम वाचत होते. त्यांची बायको सोनाबाई पडद्याआडून बघत होती.

"मला बर्फाच्या गाडीतनं न्हेऊ नका हां," तिनं त्या दिवशी जेवायला वाढताना सांगितलं.

"तुला कशाला नेतील? आपण काय वाळीत आहोत?"

"सांगून ठेवते. गावच्या चार मानसांच्या खांद्यावरून जायाचं हाय मला. बाकी काय तुमच्याकडं मागितलं न्हाय जन्मात."

हे खरं होतं. तिनं काहीच मागितलं नव्हतं, आणि बाळाजींनीही दिलं नव्हतं.

मग सरपंचपदाची निवडणूक आली. जागा बाईसाठी राखीव. देवळात नारळावर हात ठेवून ठरलं की गावकीचे पुढारी रंगूदादा यांची सून बिनविरोध येणार. बाळाजींनीही हात ठेवला. चौथ्या दिवशी सुचिता अर्ज घेऊन वाचनालयात आली.

"काका, सूचकाची सही लागते. सगळ्यांना विचारून झालं."

"आणि मी शेवटचा?"

"तुम्हाला अडचणीत आणायचं नव्हतं म्हणून शेवटी आले."

बाळाजींनी चष्मा लावला, अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि सही केली. याला धैर्य वगैरे म्हणण्याची गरज नाही. एकोणतीस वर्षं खिडकीवर बसलेल्या माणसाच्या हाताला एक वळण पडतं. समोर आलेला कागद नीट भरलेला असेल तर शिक्का मारायचा, माणूस कोण ते बघायचं नाही. शिक्का मारल्यावर आपण नारळावर हात ठेवला होता हे त्यांना आठवलं. तोवर सुचिता रिक्षात बसली होती.

निवडणूक झाली. सुचिताला तीन मतं पडली. कुणाची, हे शोधायला गावाला फार डोकं चालवावं लागलं नाही.

वाळीत टाकणं म्हणजे आरडाओरडा असतो असा बाहेरच्यांचा समज आहे. आमच्याकडे ते शांतपणे चालतं. बाळाजी दळण घेऊन गेले की गिरणीचा पट्टा तुटायचा. रिक्षा रिकामी दिसायची आणि "बुक हाय" म्हणायची. दुकानात साखरेच्या पोत्याला टेकून दुकानदार साखर संपल्याचं सांगायचा. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्यांचं नाव गेलं. लावणीला माणूस मिळाला नाही, रोपं जागच्या जागी पिवळी पडली. आणि एका सकाळी वाचनालयाची सगळी पुस्तकं त्यांच्या पायरीवर येऊन पडली. एकेक जण यायचा, पुस्तक ठेवायचा, जायचा. त्या वाचनालयाच्या इतिहासात पुस्तकं वेळेवर परत आल्याचा तो एकमेव दिवस. माझ्याकडची तीन होती. एक अर्धंच वाचून झालं होतं.

वाळीत टाकलेल्या दोन घरांनी एकमेकांशी बोलू नये असा नियम गावकीनं केला नव्हता, विसरली असावी. सुचिता बाळाजींकडे जाऊ लागली. अंगणवाडीत तिच्याकडे आता एकही मूल येत नव्हतं, तेव्हा वेळ होता. आणि वेळेची गरजही लगेच पडली. त्याच पावसाळ्यात सोनाबाईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. सकाळ-संध्याकाळ सुचिता यायची, तिला पुसायची, कपडे बदलायची, भाताची पेज भरवायची. जेट्टीकडच्या गिरणीतून दळण आणायची.

"काका, तुम्ही जरा बाजूला व्हा. तुम्ही चमचा असा धरता की तिकीटच देताय."

यावर सोनाबाई अर्ध्या तोंडानं हसायची. नीट बोलता येत नव्हतं, पण दोन गोष्टी तिला अजून म्हणता येत. एक "सुची". दुसरी "खांदा". दुसरी म्हणताना ती नवऱ्याकडे बघायची.

सुचितानं गावकीच्या पंचांवर कायद्याखाली तक्रार केली. ठाण्यातल्या साहेबांनी तिला चहा पाजून परत पाठवलं. ती तिसऱ्यांदा गेली तेव्हा तक्रार घेतली. साक्षीदार एकच. बाळाजींनी चार पानी जबाब दिला: गिरणी, रिक्षा, साखर, रोपं, तारीखवार. खाली वळणदार सही.

कोर्टाची तारीख लागली त्याच्या आधीच्या आठवड्यात, भरदुपारी, रंगूदादा बाळाजींच्या ओटीवर येऊन बसले. अकरा महिन्यांनी त्या घरात आलेला गावातला हा पहिला माणूस. दोघं शाळेत एका बाकावर बसत.

"वहिनी कशी हाय?"

"आत जाऊन बघ."

"नको. बघवत न्हाय मला असलं." रंगूदादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "डाक्टर काय म्हनतो?"

"दिवाळी काढली तर काढली."

"म्हंजे टाईम न्हाय जास्ती. बाळ्या, कशाला तानतोस? आमी काय राक्षस हाव? वहिनीच्या हातची आंबोळी खाल्लीय मी. तिला गावानं खांदा द्यायचा न्हाय तर कुनी द्यायचा?"

"मग द्या."

"देऊ की! पन तू तिकडं कोर्टात सांगनार, यांनी मला वाळीत टाकला. आता वाळीत टाकलेल्याच्या मयताला आमी खांदा दिला, तर तुजाच जबाब खोटा पडंल. तुला खोटा पाडायला मला बरं वाटंल काय?"

आतून सोनाबाईनं आवाज केला. रंगूदादा आले आहेत हे तिला कळलं असावं. ती "खांदा" म्हणाली.

"बघ," रंगूदादा म्हणाले. "तिला कळतंय."

"आणि सुचिता?"

"तिचं ती बघंल. शिकलेली हाय. तिचं येनंजानं मातर बंद कर हां. एका दारातनं दोन गावं न्हाय जात."

तालुक्याच्या कोर्टात बाळाजी इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले. गावातून दोन जीपगाड्या भरून आम्ही ऐकायला गेलो होतो. सुचिता मागच्या बाकावर एकटी होती, तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी.

"तुमच्यावर गावानं बहिष्कार टाकला होता?" सरकारी वकिलानं विचारलं.

"नाही."

"तुमचं दळण गिरणीवर घेत नव्हते?"

"गिरणी बंद पडायची. जुनी आहे."

"वाचनालयाची पुस्तकं एका दिवसात कशी परत आली?"

"वाचून झाली असतील."

मागे कुणीतरी हसलं. वकिलानं तो चार पानी जबाब पुढे धरला. ही सही कुणाची?

"माझी. न वाचता केली असेल."

ज्या माणसानं तिच्या अर्जातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते, त्यानं आयुष्यात न वाचता केलेली सही म्हणून सरकारदरबारी एवढी एकच नोंद आहे. बाळाजी पिंजऱ्यातून उतरले तेव्हा सुचिता उठून उभी राहिली होती. त्यांनी तिच्या बाजूची वाट टाळली आणि बाकांच्या पलीकडून फिरून आमच्या जीपमध्ये बसले. पुढची सीट दिली आम्ही त्यांना.

दुसऱ्या दिवशी पेजेचं भांडं घेऊन सुचिता आली. दाराला आतून कडी होती. तिनं हाक मारली, आतून सोनाबाईनंही "सुची" म्हणून ओ दिली. बाळाजी दाराला पाठ लावून बसून राहिले. भांडं तिनं पायरीवर ठेवलं. संध्याकाळी ते तिथंच होतं, मुंग्या लागलेलं.

गाव मात्र परत आलं. भरभरून आलं. साखर मिळाली, पट्टा तुटेनासा झाला. बायका रोज सोनाबाईला बघायला येत, खाटेजवळ बसून गप्पा मारत, चहा घेत. तिला पुसायचं, कुशीवर वळवायचं कुणाच्या ध्यानात येत नसे. पाहुण्यांनी ही कामं करायची नसतात. बाळाजी चमचा तिकिटासारखा धरून पेज भरवत, ती गालावरून उशीत जाई. "सुची," सोनाबाई म्हणे. "काय म्हनते गं?" एक बाई विचारी. "सुटले म्हनते," दुसरी सांगे.

सोळाव्या दिवशी सकाळी ती सुटली.

नऊ वाजेस्तोवर अंगणात उभं राहायला जागा नव्हती. बांबू आले, गवत आलं, मडकं आलं. खांदा कुणी द्यायचा यावर पोरांची थोडी बाचाबाची झाली, इतके जण तयार होते. रंगूदादांनी पुढची उजवी बाजू स्वतःकडे ठेवली. आत शेजारची गोदूबाई आणि इतर बायका आंघोळीचं पाणी तापवत होत्या. तेवढ्यात सुचिता फाटकातून आत आली. खांद्यावर टॉवेल, हातात सोनाबाईचं हिरवं लुगडं. धुवायला म्हणून नेलेलं तिच्याकडेच राहिलं होतं. अंगणातली गर्दी तिच्यापुरती आपोआप फाटली.

रंगूदादांनी नुसतं बाळाजींकडे बघितलं. आम्हीही बघितलं.

"सुचिता," बाळाजी म्हणाले, "तू घरी जा."

"काका, आंघोळ घालते फक्त. मग जाते."

"घरी जा म्हटलं ना."

लुगडं तिनं ओटीच्या कठड्यावर ठेवलं आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कमरेवर जखम असेल आता. तिला उजव्या कुशीवर वळवू नका, दुखतं."

"मेलेल्याला काय दुखतंय गं?" आतून गोदूबाईचा आवाज आला, आणि पाणी ओतल्याचा.

सुचिता गेली. लुगडं कुणी घेतलं नाही, ते वाळीतल्या घरातून आलेलं होतं. नवीन आणलं.

मूल नसल्यानं मडकं बाळाजींकडेच होतं. ते धरून सगळ्यांच्या पुढे चालायचं असतं. मागून आमचा आवाज येत होता. एवढी मोठी यात्रा गावात कित्येक वर्षांत निघाली नव्हती. खांदे दर पन्नास पावलांवर बदलत होते, पोरं एकमेकांना ढकलून पुढे घुसत होती. तिरडी डुलत होती, पण एकदाही खाली टेकली नाही. यातलं बाळाजींना काही दिसलं नाही. मडकं धरणाऱ्यानं मागे वळून बघायचं नसतं.