साहेबांच्या केबिनमधलं रबराचं झाड

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. मी नागापूरच्या एका कारखान्यात टायपिस्ट होतो. लहानपणी वडिलांनी मला गोष्टींऐवजी चळवळीची पत्रकं वाचून दाखवली होती. आता मीही लिहीत होतो, मजुरीवर, अंधश्रद्धेवर, आणि आपलं काही चुकत असेल अशी शंकासुद्धा येत नसे.

साहेबांच्या केबिनमध्ये मोठ्या कुंडीत रबराचं झाड होतं. पानं हिरवी, कडा पांढऱ्या, चुना सांडल्यासारख्या. दिवसाआड अर्धी बादली पाणी घालणं आणि ओल्या फडक्यानं पानं पुसणं हे शिपाईमामांचं काम. बाहेर कामगारांचं पिंप दुपारीच कोरडं पडे. मामा जामखेडकडचे. गावच्या विहिरी आटलेल्या, अख्खं घर त्यांच्या एकट्याच्या पगारावर.

त्या महिन्यात झाडाच्या बुंध्याशी एक नुसती हिरवी फांदी फुटली. मुंबईला निघताना साहेब मामांना म्हणाले, "ती छाट. ठेवलीस तर पांढरी कड जाऊन सगळं झाड नुसतं हिरवं होईल."

साहेबांची गाडी गेल्यावर मामा कात्री घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"पुढारी, मला व्हनार न्हाई. उंबराच्या जातीचं हाय ते. दत्ताचं ठाणं. लोखंड लावलं की घर बसतं."

"कुणाचं बसलं मामा? एक तरी दाखवा."

"दाखवायची येळ आली म्हंजे उशीर झालेला आसतो."

मी हसलो आणि फांदी छाटली. त्याच जोरात शेजारच्या, जास्त हिरव्या दिसणाऱ्या तीन फांद्याही. पांढरा चीक फरशीवर ठिबकत राहिला. मामा तो पुसायला वाकले नाहीत.

"आणि पाणीही बंद," मी म्हणालो. "बाहेर माणसं तहानलेली आणि आपण कुंडी भिजवायची?"

"जाब मला इचारत्याल."

"मी आहे ना!"

झाडाची बादली मी स्वतः पिंपात ओतू लागलो. "आला झाडाचा वाटा!" कामगार ओरडायचे. मला बरं वाटायचं.

सहाव्या दिवशी बंद केबिनमधून आवाज आला, ओला कपडा पडावा तसा. पान होतं. दुपारी आणखी एक. मग पांढऱ्या कडा करपत गेल्या आणि टायपिंग थांबवलं की मी नकळत पुढच्या आवाजाची वाट पाहू लागलो. मामा रोज सकाळी पडलेली पानं सदऱ्याखाली लपवून बाहेर नेत. शेवटी ते आपल्या वाट्याच्या पाण्यातलं तांब्याभर कुंडीत घालू लागले. कडक मातीवरून ते कडेनं निघून जाई, पानं पडतच राहिली. आमच्यातलं बोलणं थांबलं.

साहेब आले तेव्हा शेंड्याला दोन पानं होती.

"छाटायला तुमीच सांगितलं हुतं साहेब," मामा म्हणाले.

"एक फांदी. आणि ही माती? दगड झालाय. पाणी कुणी तोडलं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मीच पुढे झालो. "फांद्या मी छाटल्या. पाणीही मीच बंद केलं. मामांचा काही दोष नाही." मला वाटलं, सुटले मामा.

साहेबांनी मान वळवली, पण मामांकडे. "म्हणजे तुझं काम टायपिस्ट करत होता. मग मला तू कशाला पाहिजेस?"

मामांनी हातातलं फडकं कुंडीच्या काठावर ठेवलं.

"पण साहेब, मी…"

"तू बस," साहेब शांतपणे म्हणाले. "मशीनला कागद लाव. तीन प्रती. याचं कामावरून कमी केल्याचं पत्र लिहून घे."

मामा दाराशी उभे होते. मी कागद लावला.