लाल मातीवरची खूण

जिमखान्याच्या लाल मातीच्या कोर्टावर टप्पा पडला की चेंडूची खूण उरते. आत की बाहेर, हा वाद तीच मिटवते.

एके काळी देशाकडून टेनिस खेळलेले दादा आता इथे रोज सकाळी साहेब लोकांशी खेळतात. खेळतात कसले, हरतात. त्यांना ठेवलंय त्यासाठीच. साहेबांची रॅकेट असेल तिथे ते चेंडू नेऊन देतात. मी फिरायला येतो, जाळीपाशी थांबतो आणि उगाच चिडतो.

आज मात्र दादांचे पाय आपोआप धावले, मनगट वळलं आणि चेंडू साहेबांना चकवून रेषेच्या आत, अगदी कोपऱ्यात पडला. असा फटका बसावा म्हणून अख्खं तारुण्य घालवावं लागतं. साहेबांचा चेहरा उतरला.

"आउट होता साहेब, पॉइंट तुमचा," दादा घाईघाईने म्हणाले. नेटला वळसा घालून पलीकडे गेले आणि बुटाने ती खूण पुसून आले.

हरणं मी समजू शकतो. पण जिंकलेलं आपल्याच पायाने पुसायला माणूस कुठे शिकतो?

"होतं असं कधी कधी, दादा," साहेब मोठ्या मनाने म्हणाले. "वय झालं आता तुमचं."