केरबा भावजींचे सहा सेकंद

आमच्या कुंडल गावात केरबा भावजींना 'बरं हाय का?' एवढं विचारायचीही सोय नव्हती. तिसऱ्या वाक्याला बिराप्पा यायचाच.

केरबा भावजी म्हणजे माझ्या यजमानांचे चुलतभाऊ. वयाने धाकटे, म्हणून मला वैनी म्हणत. पलटणीत बॉक्सिंग करायचे. गुडघा गेला तसे त्र्याहत्तर साली घरी आले आणि उसाला पाणी पाजू लागले. बिराप्पा त्यांच्याच पलटणीतला, आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या घरातला. तो अजून खेळत होता आणि पेपरात येत होता. गुडघा भावजींना थंडीत दुखायचा, बिराप्पा बारमाही.

पेपर दुपारच्या एस.टी.ने आमच्याकडे यायचा. भावजी चिखलाचे पाय धुऊन पडवीत बसत आणि भिंतीकडे बघत विचारत, "त्येचं काय आलंय का?" मी वाचून दाखवायची. बिराप्पा जिंकला असला तर त्यांना एकदम पाटाचं पाणी आठवे. हरल्याची बातमी मात्र दोनदा वाचायला लावत, आणि वर "वाईट झालं" म्हणत.

एकदा पेपरवाल्याने लिहिलं, 'जागतिक दर्जाचा मुष्टियोद्धा होण्याच्या वाटेवर.' ते काही भावजींच्या घशाखाली उतरेना.

"दर्जा म्हंजी काय वो वैनी? हात माझा लांब. ठोसा माझा जड. मी दूधतुपावर वाढलो, त्यो ताकभाकरीवर. मग त्येचा दर्जा निघाला कुठनं?"

मी सांगलीला कॉलेजात राज्यशास्त्र शिकलेली. याचं उत्तर मला कुठून येणार? आतून भावजींची बायको, माझी जाऊ साळूबाई म्हणाली, "खुराकावर असतं तर आमची म्हस जगात पैली आली असती."

त्यांच्या दुखण्याचं मूळ होतं सत्तर सालच्या एका लष्करी स्पर्धेत. समोर बिराप्पा. दोघांतला जो जिंकेल तो पुढच्या मोठ्या सराव शिबिराला जाणार होता. दुसऱ्या फेरीत भावजींचा उजवा हात असा बसला की बिराप्पा आडवा. आता बॉक्सिंगमध्ये समोरचा पडला की जो उभा आहे त्याने मोकळ्या कोपऱ्यात जाऊन थांबायचं असतं. तो तिथे गेल्याशिवाय पंच आकडे मोजत नाही. दहा मोजेपर्यंत पडलेला उठला नाही, तरच निकाल. भावजींना हे पाठ होतं. पण भावजी मूळचे कुंडलच्या मैदानातले पैलवान. समोरच्याची पाठ जमिनीला लागलेली दिसली आणि अंगातली जुनी सवय उठली. हात वर करून रिंगणाला फेरी मारली, चारी बाजूंना मुजरे केले, आखाड्यातल्या मातीला लावतात तसा खाली अंथरलेल्या कापडाला हात लावून तो कपाळाला लावला. पंच बिचारा कोपरा दाखवत राहिला. ह्यात सहा सेकंद गेले, असं भावजी म्हणत. मग मोजणी सुरू झाली, नवाला बिराप्पा उठला आणि तिसऱ्या फेरीअखेर गुणांवर जिंकला.

तेव्हापासून भावजींचं एकच म्हणणं: ते सहा सेकंद नसते, तर पेपरात नाव माझं असतं. बिराप्पाने एवढं एकदा तोंडाने कबूल करावं, यासाठी त्यांचा जीव अडकला होता.

पंचाहत्तर साली बिराप्पा रजेवर आला आणि न कळवता कुंडलला उतरला. मला वाटलं होतं, कुणी दांडगा गडी असेल. तर हा सडपातळ, मान खाली घालून बोलणारा माणूस. आईने विणलेलं घोंगडं त्याने भावजींच्या हातात दिलं. भावजींनी ते उसवून बघावं तसं बघितलं आणि साळूबाईकडे सरकवलं. जेवणं झाली. मी आणि साळूबाई चुलीपाशी होतो. दाराआडून सगळं ऐकू येत होतं.

भावजींनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "मी सरळ कोपऱ्यात गेलो असतो तर तू उठला असतास का?" बिराप्पाने फार वेळ घेतला नाही.

"न्हाई गड्या. ते सहा सेकंद नसतं तर उठलो नसतो."

अडकित्ता थांबला. पाच वर्षं ज्याची वाट बघितली ते इतकं सहज मिळालं. पुढेही बिराप्पाच बोलला.

"पर उठलो तवाबी माझ्या पायात जीव न्हवता. एक टपली मारली असतीस तरी पडलो असतो. तू त्या पंचाकडं बघत हुतास, केरबा. सबंद तिसरी फेरी त्येच्याकडंच बघत हुतास."

मग तो शिबिरातलं सांगू लागला. तिथे त्यांना बाहेरदेशच्या धंदेवाईक बॉक्सरांचा सिनेमा दाखवला होता. ज्याला जगात मोठा म्हणतात तोही पडत होता. पण पडल्या जागेवरून समोरच्याचे पाय बघत होता, आणि उठला की मागचं सगळं खालीच ठेवून उठत होता. भावजींनी सुपारी पुढे केली, ऊस किती गेला ते सांगितलं. बिराप्पा चारच्या गाडीने गेला.

दुसऱ्या दिवसापासून गावात एक नवीन वाक्य फिरू लागलं. "खुद्द बिराप्पा माझ्या घरात बसून म्हणला, उठलो नसतो." एवढंच. पुढचं भावजी कधी सांगत नसत. मी जवळपास असले की हे वाक्य जरा हळू येई. मीही कधी पुरं करायला गेले नाही. साळूबाईने मात्र ते घोंगडं पेटीत ठेवलं नाही, भावजींच्या अंथरुणावरच टाकलं.

सत्त्याहत्तरच्या थंडीत बातमी आली. परदेशात, दुसऱ्या फेरीत बिराप्पा पडला. मी इथे जरा थांबले, कारण भावजी पुढे सरकून बसले होते. मग उरलेलं वाचलं: उठला आणि जिंकला.

"मोजलं किती?"

ते काही छापलं नव्हतं. भावजी पाटाच्या पाण्याला गेले नाहीत. बराच वेळ गुडघा चोळत बसले आणि मग म्हणाले, "कागद घ्या वैनी. पत्र लिवायचंय."

मी मायना लिहिला. त्यांनी सांगितलं, "लिवा, तू पडलास तवा समोरचा गडी कुठं उभा हुता?"

मी लिहिलं. वर बघितलं तर ते माझ्याकडेच बघत होते. त्यांनाही कळलं होतं, मला काय कळलंय ते: पुन्हा तेच सहा सेकंद.

"खोडा ते," ते म्हणाले.

मी खोडलं. भावजी कागदाजवळ सरकले.

"लिवा, खाली पडल्यावर तू काय बघत हुतास, ते सविस्तर कळीव." मग लगेच, "आणि डावा हात अजून खालीच ठिवतोस म्हणावं. फोटूत दिसतंय."

शेवटी अभिनंदन लिहू का, मी विचारलं.

"नगं," भावजी उठत म्हणाले. "एवढं लय झालं."