उबवलेला हातमोजा

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आम्ही डोणगावात राहत होतो. आमचे मालक तिथल्या शाळेत मास्तर. मिशनच्या दवाखान्यातला अमेरिकन डॉक्टर एकदा पोरांचे डोळे तपासायला आला, आणि मालकांचा चेंडूचा नाद बघून जाताना त्यांना चामड्याचा नवाकोरा हातमोजा देऊन गेला. त्याच्या देशात बेसबॉल नावाचा खेळ असतो, त्यातला. एकेक बोट केळ्याएवढं, आणि पाटासारखा कडक.

सासूबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"दुसरा कुठी हाय?"

"एकच रायते, माय. डाव्या हाताचा."

"फसवलं तुले त्यानं. फुकट देऊन फसवलं!"

साहेबानं सांगितलं होतं, मोज्याला तेल चोळा, आत चेंडू घालून दोरीनं आवळा आणि आठ दिवस वजनाखाली ठेवा, म्हणजे तो मिटायला लागेल. घरात तेवढा चेंडू नव्हता, म्हणून मालकांनी कवठ घातलं. जवसाचं तेल चोळलं. मग ते जातं उचलायला गेले.

"अन् म्या दळू कशावर?" सासूबाई ओरडल्या.

जातं राहिलं. मालक आईकडे बघत बसले. सासूबाई अंगानं भरपूर, आणि जेवण झालं की दिवेलागणीपर्यंत ओट्यावर एकाच जागी वाती वळत बसायच्या. मालक मला खुणावू लागले. मी म्हटलं, "अहो, आई तुमची. तुम्हीच विचारा."

शेवटी ते म्हणाले, "माय, साहेब म्हनते, याले मानसाची ऊब लागते."

"म्हंजे उबवाचं?"

"हाव."

सासूबाईंनी विचार केला. चामडं जुन्या लुगड्यात गुंडाळायचं आणि कोणाला सांगायचं नाही, या बोलीवर त्या बसल्या. तिसऱ्या दिवशी गल्लीभर झालं. बायका येऊन विचारायच्या, "काय निघन त्यातून?" सासूबाई गंभीरपणे म्हणायच्या, "पाहू." पिंजाऱ्याची म्हातारी तर त्यांना टेकायला कापसाची उशी घेऊन आली. पाचव्या दिवशी खालून कडकन आवाज झाला. सासूबाई इतक्या झटकन उभ्या राहिलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

कवठ फुटलं होतं. मोज्याला आंबूस वास सुटला, पण तो मिटत होता, अगदी तळहातासारखा. मालकांनी तो रात्रंदिवस पुसला.

पुढच्या रविवारी साहेब खरा चेंडू घेऊन आला. शाळेच्या पटांगणात गाव गोळा झालं. साहेबानं दांडक्यानं चेंडू उंच टोलावला. मालक मोजा घालून धावले, नेमके खाली आले, डावा हात पाठीमागे लपवला आणि मोकळ्या उजव्या हातानं चेंडू झेलला.

साहेब पळत आला. "मास्तर! मोजा किसलिये दिया था?"

मालक कळवळत म्हणाले, "नया है साहब. खराब हो जाता."

"बराबर हाय," गर्दीतून सासूबाई म्हणाल्या. "पाच दिस बसली म्या त्याच्यावर."

साहेबानं तिथंच मालकांच्या उजव्या हाताची मोडलेली दोन बोटं बांबूच्या खपाटीला बांधली. मालक डाव्या हातानं जेवायला तयार होईनात. मग पंधरा दिवस भाकरीचा घास मीच भरवला. दर घासाला ते आधी दाराकडे पाहायचे, आई येत नाही ना म्हणून, आणि मग तोंड उघडायचे.