ओढ्याकाठच्या एर्नाआजी

जर्मनीतल्या आमच्या खेड्यातून एक ओढा जातो, शेळीसुद्धा उडी मारून ओलांडेल एवढाच. देश दोन होते तेव्हा त्याच्या काठाने भिंत होती आणि इकडच्यांनी पलीकडे नुसता हात हलवला तरी गुन्हा व्हायचा.

शेजारच्या एर्नाआजींना मी रोज हात हलवते, त्या फक्त मान डोलावतात. आज विचारलंच, "आजी, रागावलात काय माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला रागावू, वेडाबाई! पलीकडे माझी बहीण राहायची. टेकाडावरून हात हलवायची, मी नुसती बघायची. भिंत पडायच्या आधीच ती गेली. आता हा हात उचलवत नाही."

मी घराण्यातली पहिली पदवीधर, भूगोलात कायम पहिली. सीमा माणसाच्या खांद्यात उतरून बसते, हे नकाशात कुठे दिसलं नव्हतं.

उद्याही त्या दारात असतील. मी हात हलवावा की नाही, एवढंसुद्धा मला ठरवता येत नाही.