चारबाटली साहेब

अन्नभेसळ खात्यातल्या आमच्या साहेबांना जिल्हाभरचे दूधवाले 'चारबाटली साहेब' म्हणत. माणूस सुपारीलाही न शिवणारा. पण दुधाचा नमुना घेतला की त्याचे चार भाग करून चारही बाटल्यांना सील लागेपर्यंत जागचा हलायचा नाही. एक बाटली सरकारी प्रयोगशाळेला, दोन ऑफिसच्या ताब्यात आणि चौथी विक्रेत्याच्या हक्काची. त्याने मागणी केली, तर ती दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायची. भेसळीचा ठपका येणाऱ्याच्या हातात एवढंच असतं, असं ते म्हणत.

मी त्यांच्या हाताखाली लिपिक. फायली, याद्या, तक्ते माझ्याकडे. एकदा अकोले तालुक्यात एका हॉटेलातल्या दुधाचा नमुना घ्यायला त्यांच्यासोबत गेले होते. हॉटेलवाला हसत सुटला. "सायेब, धरायला तुमीच आले न् वाचायचं कसं ते बी तुमीच सांगता व्हय?"

"सांगतो. चौथी बाटली पाठवू का? हो की नाही?"

"न्हाई बा. माझं दूध माझ्याच म्हशीचं हाय."

"मग 'नको' लिहितो. वाचा आणि सही करा." त्याने वाचून सही करेपर्यंत साहेब उभेच राहिले.

पुढे पारनेरच्या बाजूला एका दूध संकलन केंद्रावर त्यांनी नमुना घेतला आणि अहवालात कपडे धुण्याची पावडर निघाली. मी हादरले. ते दूध शाळकरी पोरांच्या पोटात जात होतं. फाईल लावताना पाहिलं, तर तपासणी तक्त्यात चौथ्या बाटलीचा रकाना रिकामा. अर्धवट तक्ता वरून परत येतो. साहेब विचारल्याशिवाय राहतील होय, लिहायचं राहिलं असेल, असं म्हणत मी तिथे 'नको' लिहिलं आणि तक्ता साहेबांच्या सहीला ठेवला. त्या दिवशी सह्यांचा ढीग होता.

केंद्राच्या मालकावर खटला उभा राहिला, तेव्हा कोर्टात मी फाईल घेऊन मागे बसले होते. आरोपीच्या वकिलाने विचारलं, "चौथ्या भागाबद्दल आरोपीला विचारलं होतं?"

"नाही," साहेब म्हणाले. "गर्दी जमली, आरडाओरडा झाला. माझ्याकडून राहिलं."

सरकारी वकिलांनी घाईने तक्ता पुढे केला. "इथे 'नको' लिहिलंय, साहेब."

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "हे अक्षर माझं नाही. खालची सही माझी आहे. मी न वाचता केली."

आरोपी सुटला. गावात त्याला हार घातले.

कोर्टाच्या जिन्यात मी भांडलेच. "साहेब, साबण पाजत होता तो पोरांना! एक 'हो' म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

"पाजत होता," ते म्हणाले. "म्हणूनच विचारायला हवं होतं, बाई. माझ्या आळसाने सुटला तो."

मग त्यांना वरून नोटीस आली: तक्त्यातलं अक्षर कोणाचं, खुलासा करा. अक्षर त्यांनी कोर्टातच ओळखलं असणार, पण माझ्याकडे मान वर करून पाहिलंही नाही. निवृत्तीला त्यांचे दोन महिने उरले होते, माझी नोकरी अजून बरीच बाकी होती. चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी कबुलीजबाब लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला.

राहू द्या म्हणतील, अशी मला आशा होती. त्यांनी तो सावकाश दोनदा वाचला.

"बरोबर लिहिलंय. आजच पाठवतो. माझाही खुलासा सोबत जाईल."

मग कागद माझ्याकडे सरकवला. आपण आधीच कबूल केलं होतं असं दिसावं, म्हणून मी त्यावर नोटिशीच्या आदल्या दिवसाची तारीख घातली होती.

"बाई," ते म्हणाले, "तारीख आजची घाला."